पऱ्हाटी उपटण्याच्या यंत्रासाठी पेटंट शोध : सॉफ्टवेअर कोणते आणि ते कसे वापरावे?

कास्तकार_राळेगाव

सर्वांना नमस्कार. राळेगाव तालुक्यात आमची कोरडवाहू शेती असून सोबत अवजारे दुरुस्तीचे व वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर शेतात उरलेली झाडे) मुळासकट काढून टाकणे गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असते, हे इथे वेगळे सांगायला नको. फरदड (हंगामानंतर तीच झाडे ठेवून घेतलेले पुढचे पीक) घेऊ नका, असे कृषी विभागही दरवर्षी बजावतो. अडचण अशी की त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, आणि काळी जमीन वाळून इतकी आवळलेली असते की चिमट्याने ओढले तर झाड बुडाशी मोडते व खुंट जमिनीतच राहतो.

यासाठी ट्रॅक्टरमागे चालणारे एक यंत्र मी दुकानात तयार केले आहे. रबर चढवलेले दोन रूळ एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात आणि झाडाचे बूड पकडून वर खेचतात. मात्र पकड बसण्याच्या आधी एक अरुंद दाता मुळाच्या बाजूने थरथरत जातो व माती सैल करतो. पेटंटसाठी अर्ज करावा असे वाटते, परंतु त्याआधी असे यंत्र कोणी नोंदवले आहे का हे नीट तपासायचे आहे. गूगल पेटंट्सवर 'कॉटन स्टॉक पुलर' हे शब्द इंग्रजीत टाकले तर शेकडो निकाल आले. त्यांतील बहुतेक चीनमधील होते, आणि काही तर पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड किंवा ब्रिकेट तयार करण्याविषयीचे होते. एका चॅटबॉटने क्रमांकांसह यादी दिली, पण तिच्यातील काही क्रमांक कुठेच सापडत नाहीत. हा शोध आटोक्यात कसा आणावा, भारतातील अर्ज कुठे पाहावेत आणि चिनी कागदपत्रांची दखल आपण घ्यावी की नाही, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यंत्रशाळा_पुलगाव

भाऊ, आपण यंत्राचे वर्णन फार स्पष्ट केले आहे, आणि शोधाची सुरुवात त्या वर्णनापासूनच व्हायला हवी. पिकाच्या नावाने शोधले की बोर्ड, ब्रिकेट, कागदाचा लगदा असे सगळेच समोर येते. उलट यंत्र नेमके काय काम करते त्यावरून शोधले, तर आपल्या उपयोगाचे कागद हाती लागतात. आपल्या यंत्रात तीन क्रिया आहेत : माती सैल करणे, बूड पकडणे आणि वर खेचणे. हीच क्रिया तुरीच्या तुराट्या, मिरची, कसावा किंवा बीटकंद काढणाऱ्या यंत्रातही असू शकते, आणि पेटंट तपासणारा अधिकारी कापसापुरते पाहून थांबणार नाही.

यासाठी वर्गीकरणाचे क्रमांक उपयोगी पडतात. जगभरातील पेटंट कागदपत्रांवर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक असतो. त्याचा पाया १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारात आहे. युरोप आणि अमेरिकेच्या कार्यालयांनी मिळून केलेले अधिक बारीक वर्गीकरण २०१३ पासून वापरात आहे. शेतीतील मशागतीची अवजारे ए०१बी या वर्गात आणि कापणी-काढणीची यंत्रे ए०१डी या वर्गात येतात. इथे एक सापळा आहे. ए०१डी ४६/०८ हा क्रमांक कापसाचा आहे म्हणून नवखा माणूस तिथेच अडकतो, पण तो बोंडांतील कापूस वेचण्याच्या यंत्रांचा आहे. जमिनीतून दगड आणि नको असलेली मुळे काढणारी अवजारे ए०१बी ४३/०० मध्ये येतात, कंद उपटणारी यंत्रे ए०१डी २५ मध्ये, तर झाडे व खुंट उपटण्याची साधने वनशेतीच्या वर्गात म्हणजे ए०१जी २३/०६ मध्ये. या तिन्ही ठिकाणी पाहावे. आणखी सोपा मार्ग असा : आपल्या यंत्राशी सर्वांत जुळणारा एक कागद निवडावा, त्याच्यावर कोणते क्रमांक छापले आहेत ते पाहावे आणि त्या क्रमांकांनी पुन्हा शोध घ्यावा.

शोधासाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट हे संकेतस्थळ मी आधी उघडतो. ते मोफत आहे, त्यात वर्गीकरणाचा क्रमांक आणि शब्द एकत्र देता येतात, आणि चिनी मजकुराचे यांत्रिक इंग्रजी भाषांतर तिथेच मिळते. शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की त्याची सर्व रूपे शोधली जातात. मजकूर कळत नसेल तर आकृत्या पाहाव्यात. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला रूळ, साखळी आणि दाते कसे बसवले आहेत हे चित्रावरून लगेच समजते. त्यानंतर त्या कागदाने कोणते जुने कागद उद्धृत केले आणि नंतर कोणी त्याचा उल्लेख केला, ही साखळी गूगल पेटंट्सवर दोन्ही दिशांनी तपासावी. माझ्या मते या साखळीतून जे सापडते ते नुसत्या शब्दशोधातून सहसा सापडत नाही.

चॅटबॉटने दिलेला क्रमांक एस्पासनेटवर उघडून पाहिल्याशिवाय वहीत लिहू नये. पर्यायी शब्द सुचवण्यासाठी त्याचा चांगला उपयोग होतो, म्हणजे 'स्टॉक'ऐवजी 'स्टेम', 'स्टबल', 'स्टंप', आणि 'पुलर'ऐवजी 'अपरूट', 'एक्स्ट्रॅक्ट', 'लिफ्ट'. त्यापलीकडे त्याच्या यादीवर विसंबू नये.

ग्रंथपाल_अमरावती

वरील उत्तराला विश्लेषणापुरती थोडी जोड देते. 'द लेन्स' हे संकेतस्थळही मोफत आहे. त्यात निकालांचे वर्षानुसार, देशानुसार आणि अर्जदारानुसार आलेख काढता येतात आणि यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेता येते. यादी घेताना एकाच शोधासाठी निरनिराळ्या देशांत केलेले अर्ज, म्हणजे पेटंट कुटुंब, एकत्र करून घ्यावे, नाहीतर एकच यंत्र पुन्हा पुन्हा मोजले जाते. मग शीटमध्ये आपल्याला हव्या त्या बाबींचे स्तंभ स्वतः भरावेत : पकड रुळाची की साखळीची की पात्याची, माती आधी सैल केली जाते का, कंपन आहे का, शक्ती कुठून घेतली आहे, आणि पेटंट आज चालू आहे की बंद पडले आहे. काम वेळखाऊ आहे, पण रुळांच्या स्तंभात गर्दी आणि 'आधी कंपन, मग पकड' या स्तंभात मोकळी जागा दिसली, तर आपले वेगळेपण कुठे आहे हे एका नजरेत कळते. आलेखातील अलीकडची वर्षे मात्र जपून वाचावीत. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतात, त्यामुळे शेवटच्या काळात रेघ खाली आलेली दिसते. त्याचा अर्थ लोकांनी त्या विषयावर काम थांबवले असा होत नाही.

पेटंट_अभिकर्ता_नागपूर

भारतातील अर्ज पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या शोधप्रणालीवर पाहता येतात. शीर्षक, सारांश, दावे (नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये), अर्जदार आणि वर्गीकरण अशा निरनिराळ्या रकान्यांत तिथे शोध घेता येतो. अर्जाच्या क्रमांकावरूनही काही गोष्टी कळतात. सध्याच्या १२ अंकी क्रमांकात पहिले चार अंक वर्षाचे आणि पाचवा कार्यालयाचा असतो : १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. प्रसिद्ध झालेले नवे अर्ज दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये येतात, म्हणून आपण अर्ज करेपर्यंत तेही चाळत राहावे.

चिनी कागदपत्रांविषयीचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. पेटंटचा अधिकार त्या त्या देशापुरता असतो, त्यामुळे केवळ चीनमध्ये दिलेले पेटंट आपल्याला राळेगावात यंत्र बनवण्यापासून रोखू शकत नाही. परंतु तोच कागद जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला असल्यामुळे आपल्या नावीन्याच्या आड येतो. चिनी क्रमांकाच्या शेवटी यू हे अक्षर असेल तर ते बहुधा 'युटिलिटी मॉडेल', म्हणजे लहान सुधारणांसाठीचा कमी मुदतीचा हक्क, असते. त्याची मुदत १० वर्षांची असते. मुदत संपलेली असली तरी आपल्या अर्जाच्या दृष्टीने त्या कागदाचे वजन कमी होत नाही. पेटंट नसलेली माहितीही तितकीच मोजली जाते : कृषी विद्यापीठांचे अहवाल, अवजारांची माहितीपत्रके, विक्रेत्यांचे यूट्यूबवरील व्हिडिओ. ही माहिती पेटंटच्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही, म्हणून तिचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

जुळणारे कागद हाती आले की त्यांचा सारांश वाचून निष्कर्ष काढू नये. पहिला स्वतंत्र दावा घ्यावा, त्याचे घटक एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येक घटक आपल्या यंत्रात आहे की नाही ते तपासावे. आपल्या बाबतीत आणखी एक बाब आहे. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(एफ) नुसार, आपापले काम वेगवेगळे करणारी ज्ञात साधने केवळ एकत्र मांडली तर ते पेटंटयोग्य ठरत नाही. रूळ जुने आहेत, कंपन पावणारे दातेही जुने आहेत. तेव्हा दात्याने माती सैल केल्यामुळे रुळांना किती कमी जोर लागतो, बूड मोडण्याचे प्रमाण किती घटते, दाता आणि रूळ यांतील अंतर किती ठेवल्यावर हा परिणाम मिळतो, हे मोजून तपशिलात लिहावे लागेल. दोन्ही भाग मिळून वेगळा परिणाम देतात हे दाखवण्यावर अर्जाचे बरेच काही अवलंबून राहील.

कास्तकार_राळेगाव

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ए०१बी ४३/०० हा वर्ग आणि 'व्हायब्रेट' या शब्दाची रूपे एकत्र देऊन एस्पासनेटवर पाहिले, तेव्हा यादी वाचून काढता येईल इतकी लहान झाली. तिच्यातील एका चिनी यंत्रात रुळांच्या पुढे माती फोडणारे पाते आहे. ते स्थिर आहे, थरथरत नाही. त्याच्या दाव्यांचा तक्ता करायला घेतला आहे. आता आणखी एक शंका आहे. यंत्राची चाचणी शेजारच्या शेतात घेतली होती आणि पुढे नागपूरच्या कृषी प्रदर्शनात ते मांडावे असा विचार आहे. याने अर्जाला बाधा येईल का?

पेटंट_अभिकर्ता_नागपूर

शोधाचे स्वरूपच असे असेल की चाचणी उघड्यावर घेणे भाग आहे, तर अर्जापूर्वीच्या १ वर्षातील वाजवी चाचणीला कलम ३२ चे संरक्षण मिळू शकते. त्या चाचणीची तारीख आणि उपस्थित असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. प्रदर्शनाची गोष्ट वेगळी आहे. कलम ३१ मधील १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे, आणि प्रत्येक कृषी प्रदर्शन त्यात मोडत नाही. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करावा. व्यक्तिगत अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. त्या काळात मोजमापे आणि उरलेला शोध पूर्ण करता येईल. मात्र रूळ आणि थरथरणारा दाता या दोहोंचे वर्णन आकृतीसह पहिल्याच अर्जात यायला हवे, कारण त्या तारखेचा लाभ तेवढ्याच मजकुराला मिळतो. अर्जाचा क्रमांक हाती येईपर्यंत यंत्राचा व्हिडिओ कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.