सायप्रस हिलचा १९९९ चा स्पॅनिश अल्बम: नवं काम की जुन्या बीटवर शब्दांची भरती?

लयवेडा
'लोस ग्रांदेस एक्सितोस एन एस्पान्योल' ('स्पॅनिशमधली गाजलेली गाणी') हा लॉस एंजेलिसच्या सायप्रस हिल या रॅप गटाचा अल्बम बहुतेक जण 'गाजलेल्या गाण्यांचा संग्रह' म्हणून बाजूला टाकतात. मला ते मान्य नाही. गटाचे रॅपर बी-रिअल आणि सेन डॉग पुन्हा माइकसमोर उभे राहिले, जुन्या इंग्रजी गाण्यांच्या ओळी स्पॅनिशमध्ये नव्याने बांधल्या. गटाचा संगीत बांधणारा डीजे मग्ज, त्याचे बीट (शब्दांखालचं संगीत) मात्र बहुतांशी तेच, आणि खरी कसोटी तिथेच होती.

'इन्सेन इन द ब्रेन'चं 'लोको एन एल कोको' झालं. लोको म्हणजे वेडा, कोको म्हणजे नारळ, बोलीभाषेत डोकं. मूळ ओळीत सेन-ब्रेन हे आतलं यमक आहे, इथे लोको-कोको. अक्षरं मोजा: इन-सेन-इन-द-ब्रेन, ५. लो-को-एन-एल-को-को, ६. पण बोलताना 'को' आणि 'एन' एकत्र येतात, आपल्या संधीसारखे, म्हणून परत ५. अर्थ, यमक, माप, तिन्ही जुळलं. याला नवं लेखन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बारमोजणी
माप जुळलं, आघात जुळला नाही. इंग्रजी ओळ 'ब्रेन'वर संपते, जोरही तिथेच. चौथ्या ठोक्याच्या स्नेअरवर (ड्रमच्या कडक आवाजावर) शब्द आपटतो आणि तिथेच थांबतो. 'कोको'त जोर पहिल्या 'को'वर आहे. तो स्नेअरवर ठेवलात तर दुसरा 'को' पुढे लोंबतो, आणि दुसरा स्नेअरवर आणलात तर जोर ठोक्याच्या आधीच पडून जातो.

हे बारीक वाटेल, पण हिशोब करा. त्या गाण्याचा वेग मिनिटाला सुमारे १०२ ठोके. एक बार, म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन, साधारण २.३५ सेकंदांचा, त्याचे १६ भाग केले की एक भाग ०.१५ सेकंदाच्या आत. दर ओळीची शेपूट, म्हणजे ते लोंबणारं अक्षर, एक भाग खाते. श्वास घ्यायची जागा हीच असते! स्पॅनिशमध्ये उपान्त्य अक्षरावर जोर असलेले शब्द सर्वाधिक, त्यामुळे हे एका ओळीपुरतं राहत नाही. इंग्रजीसाठी कापलेल्या बीटवर स्पॅनिश चढवायची तर बीट तरी मोकळा करायला हवा होता.

टेप_आणि_टाके
बीट मोकळा करणं बोलायला सोपं आहे. जुन्या गाण्याची मल्टिट्रॅक टेप (प्रत्येक आवाज वेगळा ठेवलेली) हातात असेल तर किक ड्रम, बेस, सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) वेगवेगळे उचलता येतात आणि शेपटीसाठी एखादा आवाज अर्ध्या बारपुरता काढता येतो. हाती फक्त दोन ट्रॅकमध्ये मिसळून टाकलेलं वाद्यसंगीत असेल तर काहीच हलत नाही. वर हुकमधल्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीतल्या) स्क्रॅचमध्ये, म्हणजे रेकॉर्ड घासून काढलेल्या आवाजात, जुना इंग्रजी आवाज अडकलेला असतो, तो पुसला की भोक पडतं. वेग बदलला तर सॅम्पलचा सूरही सरकतो. मग्जच्या बीटमध्ये तो किंचाळणारा, सायरनसारखा सूर हीच ओळख, तो खाली गेला की गाणंच राहत नाही.

श्वासावर या गटाकडे आधीपासून उपाय आहे: दोन आवाज. बी-रिअलचा नाकातला, वरचा आवाज ओळ चालवतो आणि सेन डॉगचा जाड आवाज शेवटचे एक-दोन शब्द ठोकतो. ओळीची शेपूट दुसऱ्याच्या तोंडी दिली की पहिल्याला श्वास मिळतो. बारमोजणी, तुमच्या ०.१५ सेकंदाचं उत्तर हे आहे.

साउथगेट_९१
तंत्र ठीक, पण मुळात गरज होती का? १९९१ च्या पहिल्याच अल्बमवर 'त्रेस एकिस' स्पॅनिशमध्ये होतं आणि 'लॅटिन लिंगो'त दोन्ही भाषा एकत्र. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या साउथ गेटमधली पोरं अशीच बोलतात, वाक्य एका भाषेत सुरू करून दुसरीत संपवतात. ते त्यांचं खरं बोलणं. १९९९ मध्ये सगळं एकाच भाषेत धुऊन काढलं आणि ती चव गेली.

'डॉ. ग्रीनथम्ब'चं 'दोक्तोर देदोवेर्दे' घ्या. इंग्रजीत हिरवा अंगठा म्हणजे झाडं लावणाऱ्याच्या हाताला गुण असणं. मेक्सिकोत त्यासाठी सहज म्हणतात 'बुएना मानो', चांगला हात. हिरवं बोट हा इंग्रजी वाक्प्रचाराचा सांगाडा आहे, वर फक्त स्पॅनिश कातडी.

पिनार_ते_मोंतेरे
देदोवेर्देबद्दल सहमत. पण 'सगळं एकाच भाषेत धुतलं' हे चूक, कारण स्पॅनिश एक नाही. सेन डॉग क्यूबातल्या पिनार देल रिओचा. बी-रिअलची आई क्यूबन, वडील मेक्सिकन. क्यूबन बोलीत अक्षराच्या शेवटचा 'स' जवळजवळ हवेत विरतो, मेक्सिकन बोलीत तो खणखणीत. शिवाय या अल्बमवर मेक्सिकोतल्या मोंतेरेच्या 'कोंत्रोल माचेते' या रॅप गटाचा 'फेर्मिन IV' नावाचा रॅपरही आहे. हेडफोन लावून फक्त 'स' ऐका, कोण कुठला ते कळतं. रॅपमध्ये याला महत्त्व आहे: विरलेल्या 'स'मुळे ओळ गोल होते, खणखणीत 'स' हाय-हॅटवर (ड्रमसेटच्या झांजेवर) जाऊन बसतो.

'हाउ आय कुड जस्ट किल अ मॅन'चं नावही बघा: 'नो एन्तिएन्देस ला ओन्दा'. मूळ हुकमध्ये आधी 'तुला कळणार नाही अशी एक गोष्ट' येते आणि मग माणूस मारण्याची. स्पॅनिश नावाने तो पहिला अर्धा उचलला, 'तुला यातलं कळत नाही'. 'ओन्दा' हा शब्द या अर्थाने पक्का मेक्सिकन. अनुवाद करणारा मारण्यावर अडकला असता, लिहिणारा कळण्या-न कळण्यावर गेला.

लयवेडा
हेच म्हणायचं होतं. आघाताचा मुद्दाही सरसकट लागू नाही. 'आय वॉना गेट हाय'चं 'यो किएरो फुमार' (मला ओढायचंय): पाच अक्षरं, आणि फुमारचा जोर शेवटच्या 'मार'वर. 'हाय' जिथे पडतो तिथेच.

बारमोजणी
फुमार बसतो, मान्य. पण तो क्रियापदाचं मूळ रूप आहे, आणि -आर, -एर, -इरने संपणारी अशी हजारो रूपं स्पॅनिशमध्ये पडली आहेत. आघात जुळवायला त्यांच्याकडे वळलं की यमक फुकटात मिळतं, आपल्याकडे 'करायचं-जायचं-खायचं' जुळवतात तसं. हुकमध्ये एकदा चालतं. सोळा बारच्या कडव्यात चौथ्या ओळीलाच पुढचं यमक ऐकणाऱ्याला आधी कळतं.

साउथगेट_९१
आणि 'लोको-कोको' तसं कळत नाही. दोन्ही नामं-विशेषणं, शेपटीसकट जुळलेली. त्या एका ओळीपुरता मी लयवेडाच्या बाजूने.