रेल्वेत बसलं की विणायच्या सुया बाहेर काढणारे कोण कोण आहेत इथे?

उलटसुलट
काल माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या 10 नंबरच्या सुया सापडल्या. एकीवर अजून 17 टाके तसेच. बाबा फौजेत, पोस्टिंग जम्मूकडे, म्हणून दर मे महिन्यात पुण्याहून झेलम एक्सप्रेस, दोन रात्री. दौंड सुटलं की आई टाके घालायची. मनमाडपर्यंत बॉर्डर, दोन सुलट दोन उलट. दुसऱ्या दिवशी भोपाळपासून स्वेटरची पाठ. आम्ही "कुठे आलो?" विचारलं की ती खिडकीबाहेर बघायचीच नाही. स्वेटर वर धरून म्हणायची, "काखेचे टाके कमी करायला आलेत, म्हणजे ग्वाल्हेर येईल आता."
लडीचा गुंडा करायचा राहिला असेल तर समोरच्या बर्थवरचा एखादा जवान दोन्ही हात पुढे करून, त्यांवर लड अडकवून बसायचा. चहावाला येऊन गेला तरी हात खाली नाही.
लिहा तुमचंही. भरतकाम, गोधडी, काहीही चालेल.

मुका_खांब
मांडवी एक्सप्रेस, क्रोशाचा रुमाल. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्यात डब्यातले दिवे गेलेले. म्हटलं हाताला सवय आहे, विणत राहू. उजेडात आल्यावर बघते तर मुक्या खांबांच्या (बुटक्या टाक्यांच्या) जागी अख्खे खांब (उंच टाके), कड ही एवढी फुगलेली. उसवली नाही. टीव्हीवर आहे अजून, नवरा त्याला करबुडेच म्हणतो.
बाकी त्या गाडीत विणून होत नाही हो फार. सारखं काहीतरी खायला येतं आणि तेलकट हाताने दोरा धरवत नाही.

पोह्यात_शेंगदाणे
मे महिन्यात, स्लीपरमध्ये, मांडीवर लोकर??

उलटसुलट
हो ना. घामाने लोकर सुईवर सरकायची नाही. मग हाताला पावडर लावायची. डबाभर वास.

रुळावरून_घसरलेला
मी पुरुष, आधीच सांगतो. नागपूर-पुणे, यूट्यूबवर शिकून मफलर. वर्ध्याला चढलेल्या काकू दहा मिनिटं गप्प बसल्या, मग "असं नाही रे बाळा" म्हणून हातातून काढूनच घेतला. बडनेऱ्याला उतरल्या तेव्हा दिला परत. माझ्या चार ओळी, त्यांच्या वीतभर. कुठून कुठे कुणी विणलंय ते आंधळ्यालाही कळेल.

मुका_खांब
😂 वीतभर! काकूंना दंडवत.

डबा_एस७
दौंडला झेलमचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे ना? खिडकीत बसलेले सगळे उलटे. आम्ही भावंडं तिथे जागेवरून भांडायचो.

उलटसुलट
अगदी! म्हणून तर आई दौंडनंतर सुरू करायची. इंजिन जोडताना धक्का बसला की मोजलेले टाके चुकायचे.

गोधडीकरीण
गोधडी गाडीत होत नाही, पसारा फार. मी फक्त ठिगळं कापून नेते. एकदा साड्यांचे तुकडे बर्थवर मांडले तर शेजारीण म्हणाली, "केवढ्याला मीटर?"

डबा_एस७
भुसावळची केळी कुणीच नाही काढली अजून?

पोह्यात_शेंगदाणे
आमचा गुंडा एकदा साइड लोअरखालून सुटला तो थेट संडासापर्यंत. टीसी गुंडाळत गुंडाळत आला, गुंडा हातात दिला आणि मग तिकीट मागितलं.

गोधडीकरीण
@उलटसुलट, त्या 17 टाक्यांचं काय करणार?

उलटसुलट
आईला फोन केला. म्हणाली, "बाही असेल. बाबांची बदली पुण्याला झाली ना, मग गाडीच संपली." घरी बसून विणायचं तिला कधी सुचलंच नाही म्हणे. सुया नेऊन देणार आहे रविवारी.

विमानवेडा
सुया विमानात नेऊ देतात का?

मुका_खांब
हा धागा रेल्वेचा आहे हो 🙂

रुळावरून_घसरलेला
मी आत्ता गाडीतच आहे, मांडीवर अर्धी टोपी. कर्जतला मागून इंजिन लावतायत, वडेवाला आलाय. बाकी नंतर.