सही-नंबराची सेरिग्राफ प्रिंट: फ्रेम उघडून बघावी का?

नदीकाठचा
एका समकालीन चित्रकाराची सेरिग्राफ प्रिंट (पडद्यातून शाई दाबून केलेली छपाई) पुण्यातच विक्रीला आहे. चित्राखाली डावीकडे पेन्सिलीत ४७/१००, म्हणजे १०० प्रतींपैकी ४७ क्रमांकाची, उजवीकडे सही. काचेची फ्रेम, मागून तपकिरी कागद डकवलेला. विकणारे म्हणतात, प्रमाणपत्र आहे, फ्रेम कशाला उघडता? तेवढ्यावर घ्यावी का? आणि आमच्या घरी पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, लावायची कुठे?

शाईचा डाग
फ्रेम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच दिलेलं असेल तर तो त्याचाच शब्द, फक्त जाड कागदावर.

आधी १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, लक्ष्मी रोडचे सराफ वापरतात तसलं. रंगाच्या कडेवर धरा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारख्या गोलात दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची घाऊक छपाई. दाणा अगदी बारीक आणि विस्कळीत फवाऱ्यासारखा असेल तर इंकजेट. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंग वेगळ्या पडद्यातून छापतात, म्हणून शाईचा सलग, सपाट थर दिसतो आणि एक रंग दुसऱ्यावर चढतो तिथे कड जाणवते. मात्र फोटोवरून केलेल्या सेरिग्राफमध्येही ठिपके असू शकतात. ते मोठे असतात आणि प्रत्येक ठिपका एकाच शाईचा, भरीव.

मग सही. दिवा बाजूने तिरपा धरा: पेन्सिलीला शिशाची किंचित चमक असते, कागदावर हलका दाब उमटतो. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांत फुटते. आणखी एक घोळ नेहमी होतो. सही खरी, हाताची, पण खालचं चित्र ऑफसेट. ती बनावट नव्हे, सही केलेली प्रतिकृती झाली. फक्त तिला सेरिग्राफचा भाव देऊ नका.

शेवटी कागदाच्या चारही कडा. समास कापून फ्रेममध्ये बसवलेली प्रिंट असेल तर किंमत बरीच उतरते, आणि हे बाहेरून कळतच नाही.

कागदकसर
कागदपत्रात हे हवं: शीर्षक, वर्ष, माध्यम, चित्राचं आणि पूर्ण कागदाचं माप सेंटिमीटरमध्ये, कोणत्या स्टुडिओत छापलं, आणि १०० शिवाय किती प्रती काढल्या. ‘ए/पी’ म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती. रिवाज साधारण १० टक्क्यांचा, पण तो कायदा नव्हे. हेच चित्र दुसऱ्या मापात किंवा डिजिटल आवृत्तीत निघालंय का, तेही लेखी घ्या.

४७ ऐवजी ३ मिळाला असता तर, असा जीव जाळू नका. सह्या छपाईच्या क्रमाने होतातच असं नाही. ड्रायपॉइंटमध्ये (धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेली छपाई) मात्र ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची कूस दाबाने झिजते, तिथे सुरुवातीच्या प्रती खरोखर दाट उमटतात.

जाता जाता: चित्रशाळा प्रेस (१८७८) किंवा रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं या हिशेबात बसत नाहीत. ती घरोघरी जावीत म्हणूनच छापली. त्यांवर पेन्सिलीत ‘१२/५०’ दिसलं तर सरळ उठून या.

खळ आणि पुठ्ठा
फ्रेम उघडलीच आहे तर नवीनच करा, तीही पावसाळ्याआधी. जुलैत दमट कागद बंद केला की ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते.

मागे हार्डबोर्ड किंवा प्लाय नको. त्यातलं आम्ल कागद तपकिरी करतं. पुढे-मागे आम्लमुक्त कॉटन बोर्ड. प्रिंट सगळीकडून चिकटवायची नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, बाकी कागद मोकळा, कारण हवेबरोबर तो फुगतो-आकसतो. चारही बाजू जखडल्या की लाटा येतात. खळ गव्हाच्या सत्त्वाची, साधी कणीक नको. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्यातलं तांबं कागदाला खातं. सेलोटेप, मास्किंग टेप, फेविकॉल यांपैकी काहीही आणू देऊ नका.

काच आणि कागद यांत ३ ते ५ मिलिमीटर फट हवी, नाहीतर शाई काचेला चिकटते. बाहेरच्या भिंतीवर लावूच नका. आतल्या भिंतीवरही मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते.

नदीकाठचा
उघडली. भिंगाखाली शाई सपाट आहे, समास शाबूत. पण वरची कड मास्किंग टेपने बोर्डाला चिकटलीय. हळूच ओढू का?

खळ आणि पुठ्ठा
अजिबात नको, टेपबरोबर कागदाचा पापुद्रा निघेल. थिनर किंवा पेट्रोलही लावू नका, डाग आत पसरतो. टेपला हात न लावता मागचा बोर्डच भोवतीने कापून प्रिंट सुटी करा, सपाट ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्याकडे न्या. त्याचा खर्च विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.