बाराटांगला जावं की नाही?

दांडियाबाजारकर: दिवाळीनंतर घरचे नऊ जण बडोद्याहून अंदमानला निघालोय. सेल्युलर जेल बघायचंच, त्यावर दुमत नाही. पण बाराटांग बेट मी यादीतून काढलं आणि धाकटा भाऊ रुसलाय. तिथल्या चुनखडीच्या गुहांकडे नेणारा रस्ता जिरकाटांगनंतर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो बंद करायला सांगितलं, तरी गाड्या चालूच. २०१२ ची ती चित्रफीत आठवते? खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना नाचायला लावलं होतं. मला त्या रस्त्याने जाववत नाही.

मांडवीकर काका: मी जाऊन आलोय. पोलिसांच्या पहाऱ्यात ताफा जातो. थांबायला, फोटो काढायला बंदी. तोच रस्ता रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या माणसांनाही लागतो. तुम्ही नाही गेलात म्हणून तो बंद होणार का? बाराटांगच्या होडीवाल्याचं भाडं मात्र बुडेल. खारफुटीच्या बोळातून होडी गुहेकडे वळते, ते मुलांनी बघायलाच हवं.

दांडियाबाजारकर: काका, रंगतचा माणूस पेशंट घेऊन निघतो, मी सहलीला. दोघांची गरज सारखी कशी?

मेधा, सयाजीगंज: जारवा १९९७-९८ च्या सुमारास जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. तिथल्याच ग्रेट अंदमानी जमातीचं काय झालं तेही बघा. इंग्रज आले तेव्हा हजारोंनी होते, आज मूठभर. २०१० मध्ये त्यांच्यातल्या बोआ सीनियर गेल्या आणि त्यांच्याबरोबर बो भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. संपर्काची भीती उगाच नाही.

मांडवीकर काका: पण काचा लावून जाणाऱ्या गाडीतून कसला गोवर? आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, भोवती अख्खं शहर आहे. राहतातच ना?

दांडियाबाजारकर: मगरींचं उदाहरण नको, काका. मला नेमकं तेच खुपतंय. पुतण्याने विचारलं, "जारवा दिसतील ना?" सयाजीबागेत वाघाबद्दल विचारतो, अगदी त्याच सुरात. नऊ वर्षांचा आहे, त्याची चूक नाही. पण त्या गाडीत त्याला खिडकीपाशी मीच बसवणार ना?

मेधा, सयाजीगंज: पक्षी दाखवायचे तर चिडियाटापूला न्या, वाटेत राखीव जंगल लागत नाही. वंडूरहून जॉली बॉय बेटाला होडी जाते, प्रवाळ दिसतात. प्लास्टिक नेऊ देत नाहीत, स्टीलच्या बाटल्या घ्या.

मांडवीकर काका: पुतण्याचं पटलं. पण गुहांची सर चिडियाटापूला नाही, आणि होडीवाल्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.