माळव्यातल्या थंडीत बाइकपॅकिंगला (सायकलवर सामान बांधून भटकायला) क्विल्ट की स्लीपिंग बॅग?

राजवाडा_रायडर
परवा ग्रुपवर एकानं ठोकून दिलं, "क्विल्ट हा श्रीमंतांचा शौक, बॅगला पर्याय नाही." हे मला अजिबात पटत नाही. क्विल्ट म्हणजे पाठीकडून उघडी, पट्ट्यांनी मॅटला बांधायची रजई. बॅगमधलं पाठीखालचं डाउन, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं, अंगाच्या भारानं दबतं, त्यात हवा राहत नाही, मग ऊब कुठून येणार? ते निरुपयोगी वजन ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या घाटात वर का ओढायचं? क्विल्टमध्ये तेवढा भागच नसतो. वाचलेलं वजन चांगल्या मॅटवर खर्च करा. हँडलबारवरची पिशवीही निम्मी होते.

मांडूवाली
तुम्ही उताणे झोपत असाल. मी रात्रभर कूस बदलते. मांडूला डिसेंबरात मैत्रिणीची क्विल्ट घेऊन झोपले, दर वेळी कडेनं वारा आत. पहाटे जॅकेट, टोपी, मोजे सगळं चढवून बसले होते. बॅगची चेन ओढली की विषय संपला.

राजवाडा_रायडर
पट्टे मॅटला बांधले होते का? आणि मॅट कोणती? घडीच्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवायची ताकद, जेमतेम २. खालून जमीन ऊब ओढत असेल तर वरच्या क्विल्टला दोष कशाला?

मांडूवाली
पट्टे बांधले होते. मॅट फोमची होती, तेवढं मान्य.

पलासिया७८
आधी लेबलांचं बोला! दुकानदारानं मला "शून्य अंशाची" म्हणून बॅग गळ्यात मारली. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली, तर तो एक्स्ट्रीमचा आकडा. म्हणजे जीव वाचेल, झोप लागणार नाही. आयएसओ २३५३७ या बॅगांच्या तापमान-मानकाचा कम्फर्ट (आरामात झोप लागेल तो) आकडा बघा, बाकी सोडा. बायकांनी तर नक्कीच, कारण त्याखालचा लिमिट (कशीबशी झोप लागेल तो) आकडा पुरुषाच्या शरीरावरून काढतात.

नर्मदाकाठ
अहो, पण हे ओझं हवंच कशाला? महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, सगळीकडे धर्मशाळा आहेत, आश्रम आहेत. रजई मिळते, गरम खिचडी मिळते. माझी आजी एका कांबळ्यावर परिक्रमा करून आली.

मांडूवाली
आश्रमातली जागा परिक्रमावासींची. सदावर्त त्यांच्यासाठी चालतं. नर्मदा उजव्या हाताला ठेवून महिनोन्महिने चालणारी माणसं ओसरीत आणि आपण दोन दिवसांच्या सहलीवाले आत खाटेवर? मला लाज वाटेल.

नर्मदाकाठ
कोण ओसरीत झोपलं माझ्यामुळे? उगीच आरोप नकोत. मी आधी विचारतो, जागा असली तरच थांबतो, निघताना दानपेटीत टाकतो. मैयाच्या काठी कुणाला परत पाठवत नाहीत.

मांडूवाली
परत पाठवत नाहीत म्हणूनच आपण विचार करायचा. सायकलींचे जथे वाढलेत. म्हातारी माणसं "तुम्ही झोपा बेटा" म्हणून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नर्मदाकाठ
ते झालं असेल तर वाईटच. अमावास्या-पौर्णिमेला, गर्दीच्या दिवसांत, मी यापुढे टाळीन. एरवी मात्र जाणार.

पलासिया७८
भिया, धागा झोपायच्या सामानाचा आहे! घाटावर झोपणाऱ्यांनी दवाचं बघा. नदीकाठी पहाटे तंबू आतून ओला होतो, आणि भिजलेलं डाउन गोळा होऊन बसतं. सिंथेटिक जड, पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरतं.

राजवाडा_रायडर
काठापासून जरा वर, झाडाखाली तंबू लावा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, दव कमी धरतं. सकाळी चहाच्या टपरीवर क्विल्ट उन्हात टाका. बॅगपेक्षा लवकर सुकते.

मांडूवाली
सुकते, हे खरं. चांगली मॅट उधार द्या, जानेवारीत जानापावच्या डोंगरावर पुन्हा वापरून बघेन. तोवर माझी बॅग माझ्याजवळच.