भूमध्य समुद्रातील क्रूझवर वाइन कशी घ्यावी : पॅकेज, बाटली की ग्लास?

हर्णैचे मास्तर

मंडळींना सप्रेम नमस्कार.

येत्या मे महिन्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती बार्सेलोनाहून निघून मार्सेय, जेनोवा, चिविताव्हेकिया, नेपल्स आणि मेसिना ही बंदरे घेऊन परत बार्सेलोनाला येणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. तिकिटे लेक-जावयांनी काढली आहेत. माझा आजवरचा बोटीचा अनुभव म्हणजे लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून हर्णैला येणारी बोट. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्हाला ट्रंका-वळकट्यांसह मचव्यात उतरवून द्यायची. ओकारी न होता सुवर्णदुर्ग दिसला, तर प्रवास सुखाचा झाला असे घरात मानले जाई.

आता मात्र जहाज कंपनीकडून दर दोन दिवसांनी पेयांच्या पॅकेजविषयी (दिवसाला ठरावीक रक्कम भरायची आणि हवी ती पेये घ्यायची, असा प्रकार) ईमेल येत आहेत आणि आगाऊ नोंदणी केल्यास सवलत मिळेल असे बजावले जात आहे. आमचे पिणे फार थोडे आहे. पुण्याला लेकीकडे गेलो की नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आणलेली असते. मी जेवणाबरोबर एक ग्लास घेतो, आणि हिचा ग्लास बहुधा अर्ध्यावरच राहतो व तो शेवटी मलाच संपवावा लागतो. एवढ्यासाठी पॅकेज घ्यावे का? आपली बाटली सोबत नेता येते का? आणि वेटर बाटली उघडून ग्लासात थोडीशी वाइन ओततो व आपल्याकडे पाहत उभा राहतो, तेव्हा आपण नेमके काय करायचे असते? चाळीस वर्षे मुलांच्या परीक्षा घेतल्या. या वयात टेबलाशी बसून नापास व्हायची इच्छा नाही.

देवगड बंदर

मास्तर, मी अकरा वर्षे क्रूझ जहाजांच्या डायनिंग हॉलमध्ये काम केले असून त्यांपैकी शेवटची चार वर्षे माझ्याकडे फक्त वाइन होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅकेज घेऊ नका. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या जहाजाचे दर त्यांच्या जागी घालून पाहावेत. समजा, वाइनचा ग्लास 12 डॉलरचा, बाटली 45 डॉलरची आणि पॅकेज माणशी दिवसाला 70 डॉलरचे आहे. यांपैकी प्रत्येकावर सेवाशुल्क आपोआप चढते आणि ते बऱ्याच जहाजांवर अठरा ते वीस टक्के असते. आपण अठरा धरू. दोघांच्या सात दिवसांच्या पॅकेजचे 1156 डॉलर होतात, कारण एका केबिनमधील एका प्रौढाने पॅकेज घेतले की दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे, अशी अट अनेक कंपन्यांनी घातलेली आहे. म्हणजे काकूंच्या अर्ध्या ग्लासाचेही आपण पूर्ण पैसे भरणार. याउलट दोघांचे रोज एकेक, असे चौदा ग्लास सुटे घेतले तर 198 डॉलर लागतात. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीतून दीडशेचे पाच ग्लास भरतात, त्यामुळे तेवढीच वाइन तीन बाटल्यांत भागते आणि त्यांचे 159 डॉलर होतात. दिवसाला पाच-सहा कॉकटेल रिचवणाऱ्यालाच पॅकेज परवडते, आणि असे प्रवासी असतात, म्हणूनच ते विकले जाते.

अख्खी बाटली एका बैठकीत संपणार नाही, म्हणून लोक ती मागवायला कचरतात. वस्तुतः उरलेली बाटली ठेवून घेणे हे आमचे रोजचेच काम होते. वेटर बूच परत लावतो, बाटलीच्या गळ्यात केबिनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवतो आणि ती शीतपेटीत ठेवतो. दुसऱ्या दिवशी आपण दुसऱ्या मजल्यावरच्या उपाहारगृहात बसलात तरी नंबर सांगितल्यावर ती शोधून आणली जाते. रात्रीच्या जेवणानंतर आमच्या पेटीत अशा साठ-सत्तर गळ्यांत चिठ्ठ्या लटकत असत आणि जहाज हलले की त्या सगळ्या एका तालात डोलत. पांढरी वाइन अशी दोन-तीन दिवस चांगली राहते. लाल वाइन मात्र दुसऱ्या दिवशी संपवावी हे बरे. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक बाटली मागवावी आणि ‘उरलेली ठेवा’ एवढेच सांगावे.

आता परीक्षेविषयी. ग्लासात ओतलेला तो घोट ‘आवडली का’ हे विचारण्यासाठी नसतो. बाटली बिघडलेली नाही ना, एवढेच पाहायचे असते. ग्लास एकदा फिरवून वास घ्यावा. आषाढात ओटीवर राहून गेलेल्या ओल्या गोणपाटासारखा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बुचाचा दोष वाइनमध्ये उतरलेला आहे असे समजावे आणि बाटली निःसंकोच परत करावी. आम्हाला त्याचा राग येत नाही, कारण असा दोष कोणत्याही चांगल्या वाइनमध्ये निघू शकतो. वास स्वच्छ असेल तर मान हलवली की झाले. वेटरने हातात बूच दिले तर त्याचा वास घेण्याची गरज नाही. ते फुटलेले किंवा बाजूने गळलेले आहे का, एवढे पाहून खाली ठेवावे. बाटली फिरकीच्या झाकणाची असेल तर हा सगळा सोहळाच नसतो, आणि त्यात वाइनचा काही कमीपणा नाही.

जहाजावर लाल वाइन बहुधा हॉलच्या उष्णतेवरच येते आणि ती मग जड व नुसती दारूसारखी लागते. ‘दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवा’ असे सांगायला लाजू नये. सोळा-सतरा अंशांवर तीच वाइन वेगळी लागते.

आपली बाटली नेण्याबाबत प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला साडेसातशे मिलिलिटरची एक बाटली नेऊ देतात. नॉर्वेजियनवर वाइन नेता येते, पण बाटलीमागे शुल्क द्यावे लागते. एमएससीवर मात्र बाहेरची वाइन चालत नाही. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी तिकिटावरच्या अटी वाचाव्यात. बाटली हातातल्या सामानात ठेवावी. मोठ्या बॅगेत टाकलीत तर बॅग तपासणीसाठी अडकून पडते.

वाशिष्ठीकाठची

वरील प्रतिसादातील हिशेब मला पटला. माझी भर बंदरातल्या खरेदीविषयी आहे, कारण त्यात मी फसले आहे. दोन वर्षांपूर्वी इटलीतील एका बंदरावर आम्ही दोन बाटल्या घेतल्या आणि आज रात्री बाल्कनीत बसून एक उघडायची, अशा बेताने हसतखेळत जहाजावर परतलो. जिन्याशीच सामान तपासण्याचे यंत्र होते. तेथील मुलाने अत्यंत नम्रपणे दोन्ही बाटल्या काढून घेतल्या, पावती हातात दिली आणि त्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये येतील असे सांगितले. नियम तिकिटावर लिहिलेला होता. वाचला नव्हता, हा दोष आमचाच. बहुतेक जहाजांवर हीच पद्धत असल्यामुळे बंदरात बाटली घ्यायची ती घरी नेण्यासाठी, आणि प्यायची ती बंदरातच जेवताना, असे आम्ही तेव्हापासून ठरवले आहे.

जहाज बंदरात उभे असताना त्यावरचे दुकान बंद असते, हेही ध्यानात असू द्यावे. जहाजावरच्या खात्याचा हिशेब कार्डाने चुकता करताना रक्कम रुपयांत वळवून देण्याची तयारी यंत्र दाखवते. ती नाकारून जहाजाच्या चलनातच पैसे द्यावेत, कारण तो विनिमय दर आपल्या तोट्याचा असतो.

आणखी एक, थोडी विषयाच्या कडेची गोष्ट. मास्तर, तुम्ही बोट लागण्याचा उल्लेख केला आहे. प्रवासात आपण ज्या उलटीच्या गोळ्या घेतो त्यांतील बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि वाइनबरोबर ती वाढते. माझ्या यजमानांनी गोळी घेऊन वर दोन ग्लास रिचवले होते आणि नेपल्सचा सगळा देखावा त्यांनी डोळे मिटून पाहिला. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी वाइन नको.

वेंगुर्ल्याचा खवय्या

एवढ्या बंदरांवर उतरायचे आणि जहाजाच्या यादीतली कुठलीही वाइन प्यायची, हे मला पटत नाही. मास्तर ज्या किनाऱ्याने जाणार आहेत तो आपल्यासारखाच मासे खाणारा आहे आणि प्रत्येक बंदरामागे त्याची स्वतःची वाइन आहे. मार्सेयच्या शेजारी कासी नावाचे गाव आहे, तिथली पांढरी वाइन माशांबरोबरच प्यायली जाते. जेनोवाला व्हेरमेंतीनो मागावी. चिविताव्हेकिया हे रोमचे बंदर. रोमजवळच्या टेकड्यांवर फ्रास्काती होते. नेपल्सला फलांगीना सोडू नये. नेपल्सच्या कांपानिया प्रांतातली ती द्राक्षाची जुनी जात आहे आणि तिची काहीशी खारट, लिंबाळ चव तळलेल्या माकुलांवर अशी बसते की आपल्याकडे ती का मिळत नाही याचे वाईट वाटते. इटलीतल्या साध्या खाणावळीत घरची वाइन पाव किंवा अर्ध्या लिटरच्या सुरईत मिळते. दोघांना पाव लिटर पुरते आणि उरलेल्या बाटलीची काळजीही राहत नाही.

माशाबरोबर लाल वाइन चालत नाही, असे सरसकट म्हणतात, त्याला कारण आहे. लाल वाइनमधील लोह आणि माशाचे तेल एकत्र आले की तोंडात उग्र, माशाळ चव राहते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर कडक लाल वाइन घेऊन पाहिली होती. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात सार केल्यासारखे वाटले. पण मेसिनाला उतरल्यावर एटना ज्वालामुखीच्या उतारावरची नेरेल्लो मास्कालेझे द्राक्षाची हलकी लाल वाइन थोडी गार करून भाजलेल्या तलवार माशाबरोबर अवश्य घ्यावी. तिथले लोक तशीच घेतात.

जहाजावर भारतीय जेवणाची रात्र असेल आणि तिखटाचा हात सढळ असेल, तर कडक लाल वाइनने जीभ अधिकच पेटते. अशा वेळी किंचित गोडसर पांढरी वाइन बरी. आमच्या घरी तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर नाशिकची शेनिनच असते. सोलकढी मात्र नंतर, वाइनचा ग्लास बाजूला सारल्यावर.

देवगडकरांनी उष्णतेचा मुद्दा काढला म्हणून सांगतो. जहाजाच्या तळघरात उकडून सुधारलेली वाइन म्हणून इतिहासात नाव झाले ते पोर्तुगालच्या बेटावरच्या मदेराचे. विषुववृत्त ओलांडून परत आलेली पिंपे अधिक चवदार निघतात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले आणि पुढे ती मुद्दाम तापवूनच केली जाऊ लागली. बाकीच्या वाइनचे तसे नाही. मी एक चांगली बाटली उन्हाळाभर स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली होती. मृगात काढली तेव्हा बूच बोटभर वर आले होते, लेबलावर बुरशी होती आणि आत शिळ्या मुरंब्याची चव होती. तेव्हा जे आणाल ते कोकणात साठवू नका, पावसाआधी संपवा.

हर्णैचे मास्तर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. पॅकेजचे ईमेल आजपासून न उघडता काढून टाकीत आहे. हिला हिशेब वाचून दाखवला, तेव्हा ‘माझा अर्धा ग्लास इतका महाग आहे हे मला ठाऊक नव्हते’ असे ती म्हणाली.

शेवटची एक शंका. वाशिष्ठीकाठच्या ताईंनी बाटल्या घरी आणल्याचे लिहिले आहे. आमचे व्याही, जावई आणि शेजारचे डॉक्टर यांच्यासाठी पाच बाटल्या आणाव्यात असा विचार आहे. दोघांचे मिळून चार लिटर आणता येतात असे ऐकले. पाच बाटल्यांचे पावणेचार लिटरच होतात, म्हणजे अडचण येऊ नये ना?

देवगड बंदर

मास्तर, गणित बरोबर आहे, पण नियम तसा नाही. भारतात परतताना शुल्काशिवाय दोन लिटर दारू किंवा वाइन आणता येते ती प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे, आणि दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. एकाच्या नावावर तीन बाटल्या झाल्या की सव्वादोन लिटर होतात आणि तिसऱ्या बाटलीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रत्येकी दोन बाटल्या घ्याव्यात. उरलेल्या अर्ध्या लिटरात सिसिलीच्या पांतेलेरिया बेटावरची पासितो ही सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन बसू शकेल, कारण ती अर्ध्या लिटरच्या बाटलीतही मिळते. काकूंना ती शेनिनपेक्षा आवडण्याची शक्यता अधिक आहे.

बाटल्या विमानाच्या मोठ्या बॅगेतच भराव्या लागतील. साध्या वाइनला धोकादायक वस्तूंचा नियम आड येत नाही, प्रश्न फक्त वजनाचा आणि फुटण्याचा असतो. भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या घरात जाते. प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर जाड पायमोजा चढवावा आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवावी. पांढऱ्या साड्या शक्यतो दुसऱ्या बॅगेत.