मोठा टर्बो घेतला की पॉवर आपोआप येते?

सुसाट_७५: माझी स्विफ्ट डीडीआयएस, ७५ पीएसवाली (पीएस म्हणजे साधारण एचपीच). सियाझ डिझेलचा ९० पीएसवाला टर्बो टाकून रिमॅप मारला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली) की ११० आरामात निघतील. मोठा टर्बो, मोठी पॉवर. साधं गणित आहे.

पिस्टनराव: हे ‘साधं गणित’ वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. टर्बो पॉवर देत नाही, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. किती पॉवर हवी आणि कुठल्या आरपीएमला, ते आधी ठरवा. त्यावरून हवा काढा, मग कंप्रेसर मॅप, म्हणजे कुठला टर्बो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख, उघडा. पेट्रोलला ढोबळमानाने मिनिटाला एक पौंड हवेमागे १० एचपी धरतात. डिझेलला कमीच, कारण काळा धूर नको असेल तर जास्तीची हवा लागते. टर्बो गरजेपेक्षा मोठा घेतलात तर कमी आरपीएमला लॅग (दाब उशिरा येणं) आणि सर्ज (हवा उलटी धडकणं); लहान घेतलात तर जास्त आरपीएमला दम तुटतो, हवा नुसती तापते.

आणि सियाझमधली खरी करामत आकाराची नाही, व्हीजीटीच्या, म्हणजे टर्बाइनभोवती कोन बदलणाऱ्या हलत्या पात्यांची आहे. इंजिन तेच १२४८ सीसी, पण तुमचा १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमला, तिकडे २०० एनएम १७५० लाच. तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरच्या मॅपमध्ये त्या पात्यांचा हिशेबच नाही. त्या हलवणार कोण?

सुसाट_७५: पुस्तकी ज्ञान राहू द्या. भोसरीतल्या आमच्या मेकॅनिकने अशा गाड्या केल्यात, पळतायत.

खंबाटकी: टर्बो कुठलाही घ्या, आधी गाडी बंद करायला शिका. घाट चढून हॉटेलसमोर थांबले की लगेच चावी फिरवतात. तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो. मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवायला काय जातं?

मृणाल_नाशिक: आमचं जातं! पार्किंगच्या वरच आमची बेडरूम आहे. रोज रात्री एक जण ‘टर्बो थंड’ करत बसतो, मुलगा खोकून उठतो. सोसायटीत शिरताना गाडी हळूच येते ना? तेवढ्यात टर्बो निवतो. मिनिटभराचा नियम घाट चढून आलेल्यांसाठी.

खंबाटकी: तुमच्या बेडरूमसाठी मी टर्बो जाळू? मेहुण्याच्या गाडीचा शाफ्ट बोटाने हलवला तर खडखड वाजत होता, इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप आतून तेलाने माखलेले.

मृणाल_नाशिक: तेल वेळेवर बदललं होतं का?

खंबाटकी: नव्हतं. बरं, तेलाचं मान्य. आयडलचं नाही.

पिस्टनराव: घाटाचा विषय निघालाच आहे तर ऐका. समुद्रसपाटीला १ बार बूस्ट (टर्बोने बाहेरच्या हवेवर चढवलेला दाब) म्हणजे प्रेशर रेशो, टर्बोनंतरचा दाब भागिले बाहेरचा दाब, २. महाबळेश्वरला बाहेरची हवाच विरळ, साधारण ०.८६ बार. तोच बूस्ट ठेवायचा तर रेशो २.१५ च्या वर जातो, टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं. काठावर निवडलेला टर्बो तिथेच मरतो. सुसाट, तुम्ही पुण्यात ट्यून करून वर जाणार ना?

सुसाट_७५: दर महिन्याला जातो. ठीक आहे, टर्बो आहे तोच ठेवतो. पण रिमॅप करणारच.

पिस्टनराव: करा. आधी क्लच बघून घ्या, वाढलेला टॉर्क पहिला त्यालाच खातो.

सुसाट_७५: क्लच बघतो. बूस्ट किती ते मात्र मीच ठरवणार.